आधी आजीचे गुडघे

कल्याण पश्चिमेच्या त्या घरात सहलीची तयारी सुरू झाली ती शिवणाच्या टेपपासून. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून दोन मुलं उभी होती आणि आत्या त्यांच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने खुणा करत होत्या. नऊ वर्षांच्या मुलाने हळूच टाचा उचलल्या. "टाचा खाली," आत्या त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. सारी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे काढलेल्या बाईंना कोण रांगेत घुसतंय आणि कोण टाचा उचलतंय हे कळायला वर बघावं लागत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकाला विषय दिला होता 'पहिल्यांदा'. पहिलं प्रेम आणि पहिली नोकरी यांच्यावर इतरांच्या उड्या पडणार हे उघड होतं. म्हणून मी असं घर शोधलं, जे पहिल्यांदाच थीम पार्कला निघालं आहे. ओळखीतून हे घर मिळालं. माणसं अकरा: आजी, आत्या, आत्यांचे दोघे भाऊ, दोन वहिन्या, इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी, नववीतली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि नुकतं चालायला लागलेलं एक बाळ. जायचं होतं खोपोलीजवळच्या इमॅजिकाला. गाडीतून जाताना पाटी सगळ्यांनी पाहिलेली, आत कोणीच गेलेलं नव्हतं.

मोठ्या भावाने आधीच जाहीर करून टाकलं होतं की एवढं तिकीट काढतोय तर एकही राइड सुटता कामा नये, पैसा वसूल झाला पाहिजे. आत्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आईचे गुडघे कुठल्या राइडला बसवायचे ते सांग आधी."

जत्रेतला पाळणा आणि एकरकमी तिकीट

आपल्याकडे मौजेच्या यंत्रांची ओळख झाली ती जत्रेत. आकाशपाळणा, मौत का कुआँ, फिरते घोडे. तिथला हिशेब सरळ असतो. ज्या पाळण्यात बसायचं त्याचे पैसे त्या पाळणेवाल्याला द्यायचे. खिशातली नाणी संपली की जत्रा संपली. महागड्या पाळण्याकडे गर्दी कमी, स्वस्ताकडे जास्त. कोणाला किती वेळ थांबायचं ते पैसाच ठरवून टाकतो.

अमेरिकेतलं डिस्नीलँड १९५५ साली सुरू झालं तेव्हा तिथेही जवळजवळ जत्राच होती. आत जायचे पैसे वेगळे आणि खेळांचे वेगळे. पुढे कुपनांची वही आली, त्यात ए, बी, सी अशी चढती अक्षरं. सगळ्यात भारी खेळांना 'ई' कुपन लागायचं. ही वही १९८२ पर्यंत चालली. मग ती गेली आणि एकच तिकीट आलं: एकदा भरा आणि दिवसभर काय हवं त्यात बसा.

हा बदल दिसायला साधा आहे. पण त्या क्षणापासून आतल्या कुठल्याच खेळाला किंमत उरली नाही. सगळे सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरकडे धावणार, कारण तो आणि छोटा चक्री घोडा दोन्ही तितकेच फुकट. मग निवड करायची कशी? वेळेने. कोस्टरची किंमत पाऊण तास, घोड्याची पाच मिनिटं. गेटवर आपण पैसे देतो आणि आत गेल्यावर दिवसभर मिनिटं मोजत राहतो. पैसा वसूल करायला निघालेला माणूस नेमका इथे फसतो. त्याचं लक्ष खर्च होऊन गेलेल्या नोटांवर असतं आणि खिशातली मिनिटं मात्र तो बघत नाही.

मुंबई-ठाण्याच्या एका पिढीला हे गणित शिकवलं गोराईच्या एस्सेलवर्ल्डने. ते १९८९ साली सुरू झालं. खाडी ओलांडून लाँचने जायचं, त्यामुळे सहल घरातून निघाल्याबरोबरच सुरू व्हायची. त्या घरातले दोघे भाऊ शाळेत असताना तिथे जाऊन आलेले. पण तेव्हा त्यांच्या वाट्याला नियोजन नव्हतं, हातात डबा होता आणि पुढे बाई होत्या. २०२२ साली एस्सेलवर्ल्ड बंद झालं. आता त्यांच्या मुलांनी 'थीम पार्क' म्हटलं की बोट खोपोलीकडे जातं.

बोरघाटाच्या पायथ्याशी

खोपोली हे गाव मुळात पाण्याच्या उतारावर वसलेलं आहे. वर लोणावळा, वळवण, शिरवटा ही धरणं. त्यांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली येतं आणि टाटांच्या केंद्रात १९१५ पासून त्याची वीज होते. घाट उतरून आलं की रायगड जिल्ह्याची सपाट जमीन सुरू होते, आणि तिथून मुंबई आणि पुणे साधारण सारख्याच अंतरावर पडतात. एक्स्प्रेस वे झाल्यावर या जमिनीचं महत्त्व कोणाच्या तरी लक्षात येणारच होतं.

ते आलं मनमोहन शेट्टी यांच्या. शेट्टी सिनेमातले. फिल्म धुण्याची ॲडलॅब्ज ही प्रयोगशाळा त्यांची होती. वडाळ्याचं घुमटाकार आयमॅक्स चित्रपटगृह त्याच कंपनीने उभारलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर त्यांनी हे पार्क उघडलं आणि त्यावर सिनेमाचा हात जागोजागी दिसतो. 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या चित्रपटावरची राइड आहे. सलीमगढ नावाचा भुताटकीचा वाडा आहे. अलीबाबाच्या गुहेत बंदुकीने नेम धरत जायचं आहे. साधं मनोरंजन उद्यान आणि थीम पार्क यांच्यातला फरक इथेच आहे: पहिल्यात यंत्र दिसतं, दुसऱ्यात यंत्र गोष्टीच्या पडद्याआड लपवलेलं असतं. पुढे वॉटर पार्क आलं, हॉटेल आलं, बर्फाचं पार्क आलं. २०२२ साली सगळा कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. गाय छाप जर्द्याचे तेच मालपाणी. लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वॉटर पार्कही त्यांचंच.

नियोजनाच्या दृष्टीने या जागेच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे पाऊस. घाटाच्या पायथ्याला तो कोसळतो, आणि वीज कडाडू लागली की उंच, उघड्या राइड कुठल्याही पार्कात थांबवाव्याच लागतात. पण इथल्या बऱ्याच राइड छताखाली आहेत, त्यामुळे फक्त कोस्टरसाठी येणाऱ्याने जुलै टाळावा आणि लहान मुलं नि म्हातारी माणसं बरोबर असणाऱ्याने जुलैचा विचार जरूर करावा. दुसरी म्हणजे गणपती. खोपोलीच्या अलीकडे महड, पार्कच्याच रस्त्याला पुढे पाली, अष्टविनायकांतले दोन. मराठी घर या रस्त्याला लागलं आणि देवाचं नाव निघालं नाही असं होत नाही. कुठलंही इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक हा मुद्दा धरत नाही, आणि दिवसाच्या आखणीत तो पहिला येतो.

आत्यांनी तो असा सोडवला. पार्क सकाळी उशिरा उघडतं, देऊळ पहाटे. मग महड जाताना. तिथे गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते, म्हणून आजींची ओढ तिथलीच जास्त होती. पाली या खेपेला नाही. "दोन गणपती आणि एक पार्क एका दिवसात केलं तर तिघांचाही अपमान होईल," आत्या म्हणाल्या.

वहीची तीन पानं

आत्यांची वही मी मागून घेऊन वाचली. दोनशे पानी, मागच्या पानांवर भिशीचा हिशेब. पार्कच्या माहितीतून त्यांनी सगळ्या राइड उतरवून घेतल्या होत्या, आणि त्यांची वाटणी तीन पानांवर केली होती. पहिल्या पानाचं शीर्षक 'सगळे', दुसऱ्याचं 'काही', तिसऱ्याचं 'तिघेच'.

'तिघेच' म्हणजे इंजिनीअरिंगवाला, नववीतली आणि धाकटा भाऊ. नायट्रो नावाचा मोठा कोस्टर त्यांच्यासाठी. बॉलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने तो बांधला आहे. उंची ४० मीटरच्या आसपास, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा डोकं खाली पाय वर, आणि डब्याला तळच नाही. पाय हवेत लोंबकळतात. अकरांतल्या आठ जणांना यात काडीचा रस नव्हता किंवा परवानगी नव्हती. तरी आत्यांनी वही उघडेपर्यंत घरातली सगळी चर्चा या एका राइडभोवती चालली होती.

उंचीची अट बहुतेकांना धाडसाची परीक्षा वाटते. ती असते मापाची. खांद्यावरून येणारा पट्टा किंवा मांडीवर बसणारा दांडा एका ठरावीक शरीरासाठी घडवलेला असतो. शरीर त्याहून लहान असेल तर वळणावर, उलट होताना ते त्याखालून सरकू शकतं. काही राइडना वरची मर्यादाही असते, आणि फार स्थूल माणसाचा पट्टा कुलपापर्यंत पोचला नाही तर त्यालाही नम्रपणे उठवतात. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण या गोष्टी फलकावर लिहिलेल्या असतात. रांगेचं शेवटचं वळण आल्यावर त्या वाचण्यापेक्षा घरी वाचलेल्या बऱ्या.

शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीटही उंचीवर ठरतं. एसटी आणि रेल्वे मुलाचं वय विचारतात, पार्क त्याला पट्टीपाशी उभं करतं. 'अजून पाचवं लागलं नाही हो' ही पिढ्यान्‌पिढ्या चाललेली थाप इथे कामाची नाही.

कपड्यांचं एक पान वेगळंच होतं. ओढणी, पदर, लांब केस, सैल चपला: फिरत्या यंत्राजवळ यातलं प्रत्येक धोक्याचं. आजी नऊवारीतच येणार होत्या, त्यामुळे वेगाच्या राइड आपोआप गळल्या. धाकट्या वहिनींनी वॉटर पार्कही त्याच दिवशी करू म्हणून पाहिलं. त्याचं तिकीट वेगळं, शिवाय पाण्यात सुती कपडे चालत नाहीत. ते पाणी पिऊन जड होतात, घसरगुंडीवर अडतात आणि त्यांचे तंतू गाळणीत जाऊन बसतात. नायलॉनचे कपडे, लॉकर, पुन्हा कपडे बदलणं, अकरा जणांचं. आत्यांनी तो विषय एका रेघेने मारला.

आणि मग मला जे सगळ्यात पटलं ते: आखणी त्यांनी 'सगळे' या पानापासून केली. अकराच्या अकरा जण एकत्र काय बघू शकतात, त्याच्या वेळा आधी ठरवल्या. पडद्यासमोर आसनं झुलवत देशभर फिरवून आणणारी 'आय फॉर इंडिया', चहूबाजूंनी पडदा असलेला सिनेमा, एखादा स्टेज शो, संध्याकाळची मिरवणूक. या खुंट्या ठोकल्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत 'काही' आणि उरलेल्यात 'तिघेच'. नियोजनाचे सल्ले वाचले तर ते नेमके उलटे असतात: सर्वांत मोठी राइड आधी, मग उतरत्या क्रमाने. चौघांच्या कुटुंबाला ते ठीक. आपल्याकडे घर निघतं, सोसायटी निघते, भिशी निघते. तिथे मोठी राइड आधी धरली की आठ माणसं पहिला तासभर पिशव्या सांभाळत उन्हात बसतात आणि दिवसाची सुरुवातच रुसव्याने होते.

बुधवारी रिकामं असतं म्हणे

तारीख निवडताना मात्र गंमत झाली. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि जोडून आलेले शनिवार-रविवार सोडायचे, एवढं कोणालाही कळतं. तिकिटाचे दरही तारखेप्रमाणे हलतात. ज्या दिवशी दर चढा, त्या दिवशी गर्दी होणार असा पार्कचाच अंदाज आहे असं समजावं. या हिशेबाने आत्यांनी संक्रांतीनंतरचा बुधवार धरला. मुलांना एक दिवस दांडी.

महडचं दर्शन आटोपून आमची ट्रॅव्हलर पार्कच्या तळावर पोचली तेव्हा समोर बसच बस होत्या. खासगी, लाल एसटी, काचेला शाळेचं नाव चिकटवलेल्या. डिसेंबर आणि जानेवारी हे महाराष्ट्रात शालेय सहलींचे महिने, आणि शाळा सहल काढते ती कामाच्या वाराला. बुधवार रिकामा असतो हा सल्ला खोटा नाही, पण तो फेब्रुवारीच्या शेवटापासून किंवा शाळा नुकत्या उघडलेल्या जूनअखेरीला जास्त खरा ठरतो.

आत्या दोन मिनिटं त्या बसकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाळेच्या बस लवकर परत फिरतात." खरं होतं. मुलं अंधार पडायच्या आत घराच्या वाटेला लागावीत याची शाळांना काळजी असते. त्यांनी तिथेच बोनेटवर वही ठेवून 'तिघेच' हे पान सकाळवरून संध्याकाळवर ढकललं.

रांगेचं गणित

रांगेवर गंभीरपणे विचार करणारी माणसं शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत. कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी काम करणाऱ्या आग्नर एरलांगने १९०९ साली या शास्त्राचा पाया घातला. त्याला किती तारा पुरतील ते शोधायचं होतं. १९६१ साली जॉन लिटल याने एक नियम सिद्ध केला, जो इतका साधा आहे की तो सिद्ध करावा लागला याचंच नवल वाटावं. थांबायचा वेळ म्हणजे आपल्यापुढची माणसं भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसं.

इंजिनीअरिंगवाल्याला हा नियम कॉलेजात होता आणि त्याने तो त्या दिवशी मनसोक्त वापरला. राइडच्या बाहेर उभं राहून तो घड्याळ लावायचा. समजा दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते आणि तिच्यात २४ माणसं बसतात. म्हणजे तासाला ७२०. रांगेत साधारण ३६० दिसली तर अर्धा तास. रांगेची लांबी डोळ्यांना फसवते. मोठ्या प्रेक्षागृहाबाहेरची भलीमोठी रांग दार उघडताच एका घोटात आत जाते, आणि एका फेरीला डझनभर मुलं घेणाऱ्या छोट्या विमानांसमोरची चिमुकली रांग हलता हलत नाही. म्हणून सकाळची पहिली, शांत वेळ प्रसिद्ध राइडला द्यायची नसते, कमी माणसं घेणाऱ्या राइडला द्यायची असते. त्या बहुधा लहान मुलांच्या असतात. सहा वर्षांच्या मुलीचं पान त्यामुळे आपोआप वर सरकलं.

कोस्टरच्या फेऱ्या पाहिजे तशा वाढवता येत नाहीत. त्याचा रूळ तुकड्यांत विभागलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, ही थेट रेल्वेची सिग्नल पद्धत. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. म्हणजे फलाटावर कोणी मोबाइल खिशात घालायला, चष्मा काढायला, मित्राशेजारची जागा मिळवायला अर्धं मिनिट खाल्लं की मागच्या शेकडो लोकांचं अर्धं मिनिट जातं. फलाटावरची पोरं पट्टे ओढून बघताना एवढी घाई का करतात ते मला त्या दिवशी कळलं.

थांबणं किती लांब वाटतं, हा वेगळा विषय. डेव्हिड मेस्टर याने १९८५ साली त्यावर एक निबंध लिहिला. रिकामं थांबणं लांब वाटतं आणि काही बघत, करत थांबणं आखूड. किती वेळ ते माहीत नसेल तर लांब. अन्याय झाला असं वाटलं तरीही लांब. एकट्याने थांबणं घोळक्यात थांबण्यापेक्षा लांब. थीम पार्कची रांग याच तत्त्वावर सजवलेली असते. ती वळणं घेते म्हणजे तिचं शेपूट दिसत नाही, भिंतींवर गोष्ट सुरू झालेली असते, आवाज येत असतात. घोळक्याचं मात्र पार्कला काही करावं लागत नाही. गाण्याच्या भेंड्या आम्ही घरूनच आणल्या होत्या.

जादा पैसे भरून रांग टाळायचं एक्स्प्रेस तिकीटही असतं. डिस्नीने १९९९ साली वेळ राखून ठेवण्याची सोय फुकट आणली होती, पुढे जगभर तिचं रूपांतर पैशांच्या सोयीत झालं. माझं मत असं: ऐन नाताळात दोघंच जात असाल आणि राइडसाठीच जात असाल तर ते घ्यावं. अकरा जणांना त्याचा उपयोग नाही, कारण त्यांचा वेळ रांगेपेक्षा एकमेकांना शोधण्यात, पाणी पिण्यात आणि बाळाचे कपडे बदलण्यात जातो. आत्यांचं मत माझ्याहून कडक होतं. पैसे घेऊन रांगेत पुढे घ्यायचं, ही कल्पनाच पोस्टाच्या खिडकीला मानवणारी नव्हती.

सरांची शिट्टी

आमच्या पुढे एका शाळेची मुलं होती. त्यांचे पी.टी.चे सर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पार्कात सहल घेऊन येतात. गळ्यात शिट्टी, हातात याद्या. मी विचारलं की नव्या पार्कात पहिल्यांदा जाताना तुम्ही काय करता. ते म्हणाले, आधी नकाशात खेळ बघायचेच नाहीत. मुताऱ्या, पाणी, प्रथमोपचार आणि एक मोठं, न चुकणारं ठिकाण बघायचं. मुलांचे दहा-दहाचे गट, प्रत्येकाला एक प्रमुख, ठरल्या वेळी सगळे त्या ठिकाणी. मोबाइलवर भरवसा नाही, दुपारनंतर बॅटऱ्या मेलेल्या असतात.

"आणि मोजणी बसायच्या आधी नाही, उतरल्यावर," ते म्हणाले. "चढताना सगळे असतात. उतरल्यावर पांगतात."

आत्यांनी हे लिहून घेतलं. सरांनीही त्यांची वही बघायला मागितली आणि 'सगळे' हे पान बराच वेळ वाचलं. दोन अनुभवी माणसं एकमेकांची अवजारं बघतात तसं ते चाललं होतं.

मोठ्या कोस्टरच्या तोंडाशी उंचीची पट्टी होती. नऊ वर्षांचा मुलगा तिच्यापाशी गेला, उभा राहिला, मागे वळून बघितलं आणि बाजूला झाला. त्याची खूण कल्याणच्या चौकटीवर आधीच झालेली होती. त्याच्याच वयाचा दुसरा एक मुलगा, ज्याला हे इथेच कळलं, भोकाड पसरून बसला होता. त्याचे वडील पट्टीवाल्या पोराशी हुज्जत घालत होते. पोरगा शांतपणे पुन्हा पुन्हा पट्टीकडे बोट दाखवत होता.

दुपार आणि पोट

खाण्याचा प्रश्न सकाळीच खोपोलीत उभा राहिला होता. जुन्या हायवेवरून जाताना रमाकांतचा वडा टाळून पुढे जाणं मोठ्या भावाला पाप वाटत होतं. पण डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, किंवा याच्या उलट होतं, तेव्हा पोट ढवळतं. हलत्या आसनांच्या आणि पडद्याच्या राइडमध्ये हे जास्त होतं. तळलेल्या पोटात तर विचारू नका. वडा परतीच्या वाटेवर, असा निकाल झाला. सकाळी दशम्या आणि केळी, तीही गाडीतच, कारण बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेता येत नाही. बाळाच्या खिमटीचा डबा तेवढा सोबत होता; जाण्याआधी फोन करून त्याची आणि व्हीलचेअरची चौकशी करून ठेवलेली.

जेवण बाराच्या आत. दीडला सगळं पार्क एकदम भुकेलं होतं, त्या वेळी आम्ही थंड हवेच्या अंधारात पडद्यासमोर होतो. जानेवारीतही खोपोलीचं ऊन दुपारी चटका देतं. दुपार छताखाली काढायची हे आत्यांच्या वहीत दोनदा अधोरेखित होतं. 'आय फॉर इंडिया'मध्ये आसनं वर उचलली गेली तशी आजींनी माझा हात घट्ट धरला. संपल्यावर म्हणाल्या, "भीती वाटली, पण डोळे उघडेच ठेवले. मिटले असते तर तिकीट फुकट गेलं असतं."

राजासॉरसच्या पाण्यातल्या राइडला 'काही' गेले आणि चिंब होऊन आले. नववीतल्या मुलीने रांगेत उभ्या उभ्या शोधून काढलं होतं की हे नाव बनावट नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खरा मांसाहारी डायनासोर. त्याची हाडं गुजरातेत राहियोलीला सापडली आणि २००३ साली त्याचं बारसं झालं. हे तिने बोटीत सगळ्यांना ओरडून सांगितलं. पाणी अंगावर आल्यामुळे शेवटचं वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही.

चारनंतर शाळेच्या बस निघू लागल्या. रांगा डोळ्यांदेखत विरळ झाल्या, आणि 'तिघेच' नायट्रोकडे पळाले. लहान मुलं असलेल्या जोडप्यांनी इथे पाळी लावावी: एक जण मुलाजवळ, एक जण राइडमध्ये, मग अदलाबदल. वहिन्यांनी तसं केलंही. मोठी वहिनी, जी घरी 'मला नको बाई' म्हणत होती, ती छोट्या कोस्टरमधून उतरून पुन्हा रांगेला गेली. तिचं नाव तिसऱ्या पानावर चढवायला हवं, असं आत्या पुटपुटल्या.

मोठ्या भावाने परतताना हिशेब काढला. बऱ्याच राइड राहिल्या होत्या. त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, पण तेवढ्यात वडे आले.

पालीच्या रस्त्याला पुन्हा

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर ते घर पुन्हा गेलं, या वेळी वॉटर पार्कला. मी नव्हते, आत्यांनी फोनवर सांगितलं. कालनिर्णय काढून संकष्टीचा दिवस आणि त्याला लागून येणारा शनिवार-रविवार आधी खोडला, कारण तेव्हा पालीची गर्दी त्याच रस्त्यावर असते. आजी पाण्यात उतरणार नव्हत्याच. त्यामुळे गाडीने नऊ जणांना पार्कच्या दाराशी सोडलं आणि आत्या नि आजी तशाच पुढे पालीला गेल्या. बल्लाळेश्वराचं निवांत दर्शन घेतलं, तिथेच जेवल्या, दुपारी दोघींनी भक्तनिवासात पाठ टेकली. संध्याकाळी गाडी त्यांना घेऊन पार्कच्या दाराशी परत आली.

वही नववीतल्या मुलीकडे दिली होती. तिला आत्यांनी एकच गोष्ट बजावली होती: लाटांच्या तलावात लाटा दिवसभर नसतात, त्यांच्या वेळा गेटवरच विचारून लिहून घे आणि मग बाकीचं ठरव.